सातपैकी दोन लॉट : तीन सर्व्हरवर विभागलेल्या सेशनचे एक प्रकरण

बेदाण्याच्या एका हिशेबपट्टीत सातपैकी फक्त दोन लॉट छापले गेले, दुसरा आणि पाचवा. उरलेल्या पाच लॉटचा पत्ता नव्हता, पडद्यावर कोणतीही चूक दिसलेली नव्हती, आणि दुकानाच्या दिवाणजींनी सातही लॉट भरले असल्याचे त्यांच्या कच्च्या वहीवरून स्पष्ट होत होते. सांगलीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीने अडत दुकानांसाठी चालवलेल्या वेबप्रणालीत हे घडले. कंपनीचे किंवा दुकानांचे नाव येथे देण्याची गरज नाही, कारण एका सर्व्हरवर सुरळीत चालणारी प्रणाली अनेक सर्व्हरवर नेताना हा दोष कोणाच्याही कामात शिरू शकतो. मला तपासासाठी बोलावले तेव्हा लॉट हरवल्याची तक्रार पुढे आलेलीच नव्हती. प्रणाली मध्येच लॉगआउट करते एवढेच ग्राहकांचे म्हणणे होते, आणि मदत कक्षाच्या नोंदवहीत ते बहुतेक वेळा ‘नेट स्लो’ या सदरात जमा झाले होते.

प्रणाली आणि तिचा वापर

सांगली जिल्ह्यातला बेदाणा उन्हाळ्याच्या तोंडावर तयार होतो, परंतु तो शीतगृहात ठेवून वर्षभर विकला जातो. त्यामुळे सांगली आणि तासगावच्या बाजारात त्याचे सौदे हंगाम संपल्यावरही चालू राहतात. सौद्याच्या दिवशी थोड्या तासांत लॉटमागून लॉट निघतात. प्रत्येक लॉटचा शेतकरी, पेट्यांची संख्या, वजन, ठरलेला दर आणि खरेदीदार एवढी माहिती दिवाणजी संगणकावर भरतात, आणि त्या शेतकऱ्याचे सगळे लॉट संपले की हमाली, तोलाई यांसारख्या कपाती धरून पट्टी पक्की करतात. भरण्याचा वेग राखण्यासाठी या प्रणालीत एक सोय केलेली होती. प्रत्येक लॉटनंतर ‘नोंद झाली’ एवढाच संदेश येई आणि पुढच्या लॉटसाठी कोरा फॉर्म समोर येई. आतापर्यंत भरलेल्या लॉटची यादी पट्टी छापतानाच दिसे. पक्के न झालेले लॉट डेटाबेसमध्ये लिहिले जात नसत. ते सेशनमध्ये, म्हणजे त्या वापरकर्त्यासाठी सर्व्हरने ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदीत, राहत आणि पट्टी पक्की झाली की एकदम डेटाबेसमध्ये जात. अर्धवट सोडलेल्या पट्ट्यांचा कचरा डेटाबेसमध्ये साचू नये हा त्यामागचा विचार होता, आणि एक सर्व्हर असेपर्यंत त्यात काही बिघडलेही नाही.

तो एक सर्व्हर पूर्वी कंपनीच्या तळमजल्यावरील कार्यालयात होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरात शिरल्यानंतर तो तिथे ठेवणे शक्य राहिले नाही, आणि प्रणाली मुंबईतील भाड्याच्या यंत्रावर नेण्यात आली. पुढे ग्राहक वाढले, सौद्याच्या वेळी एक यंत्र अपुरे पडू लागले, म्हणून पीएचपी या भाषेतला कोड चालवणारे तीन सर्व्हर आणि त्यांच्यापुढे, ब्राउझरकडून येणाऱ्या मागण्या (रिक्वेस्ट) त्यांच्यात वाटून देणारा लोड बॅलन्सर म्हणून एनजिनएक्स अशी रचना करण्यात आली. मायएसक्यूएलचा डेटाबेस एकच राहिला. एनजिनएक्सची मूळ पद्धत आळीपाळीची असते, म्हणजे पहिली रिक्वेस्ट पहिल्या सर्व्हरकडे, दुसरी दुसऱ्याकडे, तिसरी तिसऱ्याकडे, आणि चौथी पुन्हा पहिल्याकडे. ती पद्धत बदलण्याचे कारण कोणाला दिसले नाही.

लॉट गेले कुठे

वेबवरची प्रत्येक रिक्वेस्ट स्वतंत्र असते. मागची रिक्वेस्ट कोणाची होती हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. म्हणून पीएचपी प्रत्येक ब्राउझरला कुकीतून, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो त्या छोट्या नोंदीतून, एक क्रमांक देते आणि त्या क्रमांकाची फाइल स्वतःच्या डिस्कवर ठेवते. शीतगृहाच्या पावतीसारखाच हा व्यवहार आहे: पावतीवर फक्त क्रमांक असतो, माल त्या विशिष्ट शीतगृहात असतो, आणि तीच पावती घेऊन दुसऱ्या शीतगृहात गेल्यास तिथे तिला किंमत नसते. तीन सर्व्हर आळीपाळीने काम करू लागले तेव्हा ब्राउझर एकच पावती तीन ठिकाणी दाखवू लागला.

दुसऱ्या सर्व्हरला तो क्रमांक अनोळखी असल्यामुळे त्याने तो नाकारायला हवा होता, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. पीएचपीची मूळ वागणूक तशी नाही. सेशनचा ‘स्ट्रिक्ट मोड’ मुळात बंद असतो, आणि तो बंद असेल तर पीएचपी बाहेरून आलेला अनोळखी क्रमांक मान्य करून त्याच क्रमांकाचे एक नवे, रिकामे सेशन उघडते. त्या रिकाम्या सेशनमध्ये लॉगिनची नोंद नसल्याने वापरकर्त्याला पुन्हा पासवर्ड विचारला जातो. या प्रणालीत लॉगिन झाल्यावर सेशनचा क्रमांक बदलला जात नसे. त्यामुळे दिवाणजींनी तिसऱ्यांदा पासवर्ड दिला की तिन्ही सर्व्हरवर एकाच क्रमांकाची, लॉगिन झालेली, परंतु एकमेकींशी काहीही संबंध नसलेली तीन सेशन तयार होत, आणि त्यानंतर पासवर्ड विचारणे थांबे.

या टप्प्यावर वापरकर्त्याची तक्रार संपत असे आणि नुकसान सुरू होत असे. ज्या दुकानांनी लॉगआउटबद्दल फोन केला त्यांचे फारसे काही बिघडले नव्हते. ज्यांनी मुकाट्याने तीनदा पासवर्ड देऊन काम पुढे रेटले त्यांचे लॉट विभागले गेले. मदत कक्षातून दिला जाणारा सल्लाही पुन्हा लॉगिन करून पाहण्याचाच होता, त्यामुळे फोन करणारेही शेवटी त्याच वाटेला लागत.

सात लॉटची ती पट्टी संध्याकाळी उशिरा, इतर दुकाने बंद झाल्यावर भरली गेली होती. मध्ये दुसऱ्या कोणाची रिक्वेस्ट येत नसल्याने आळीपाळी अगदी स्वच्छ चालली. पहिला, चौथा आणि सातवा लॉट एका सर्व्हरच्या फाइलमध्ये गेला. दुसरा आणि पाचवा दुसऱ्याच्या. तिसरा आणि सहावा उरलेल्याच्या. पट्टी पक्की करण्याची रिक्वेस्ट क्रमाने आठवी होती. ती जिथे दुसरा आणि पाचवा लॉट होता त्या सर्व्हरकडे गेली, आणि त्याने आपल्याजवळचे दोन लॉट प्रामाणिकपणे छापले. दुसऱ्या दिवशी वहीशी ताळा घालताना फरक लक्षात आला. दिवसाच्या गर्दीत हेच घडत असे, मात्र इतरांच्या रिक्वेस्ट मध्ये मिसळल्याने कोणता लॉट कुठे जाईल याला क्रम राहत नसे, आणि म्हणून ‘कधी दिसतात, कधी दिसत नाहीत’ यापलीकडे कोणाला काही सांगता येत नव्हते. ही एक शांत संध्याकाळ मिळाली नसती तर तपास बराच लांबला असता.

तपासात दुसरी अडचण लॉगची, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या नोंदींची, होती. एनजिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये रिक्वेस्ट कोणाकडून आली हे असते, पण ती मागच्या कोणत्या सर्व्हरकडे गेली हे नसते. ते वेगळे मागून घ्यावे लागते. लॉगच्या रचनेत मागच्या सर्व्हरचा पत्ता आणि सेशन क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून काढलेली, पण मूळ क्रमांक उघड न करणारी खूण) या दोन गोष्टी घातल्यावर, एकच सेशन तीन सर्व्हरवर फिरत असल्याचे पहिल्याच सौद्याच्या दिवशी ओळीओळीने दिसले. क्रमांक जसाच्या तसा लॉगमध्ये लिहू नये, कारण लॉग पाहणाऱ्या कोणालाही त्या क्रमांकाच्या आधारे दुसऱ्याच्या नावाने आत शिरता येते. अनेक सर्व्हरची रचना उभारताना मागच्या सर्व्हरचा पत्ता पहिल्या दिवसापासून लॉगमध्ये असावा, असे माझे मत आहे.

चाचणीत हे का दिसले नाही

बदल करण्यापूर्वी चाचणी झाली होती आणि ती प्रामाणिकपणे झाली होती. खर्च वाचवण्यासाठी चाचणीला तीनऐवजी दोनच सर्व्हर घेतले होते आणि प्रणाली तपासणारी व्यक्ती एकच होती. प्रणालीच्या प्रत्येक पानाच्या वर ‘आजचा भाव’ दाखवणारा एक फलक असे, आणि तो पान उघडल्यावर स्वतंत्र रिक्वेस्टने येई. म्हणजे प्रत्येक पानामागे नेमक्या दोन रिक्वेस्ट होत: पान पहिल्या सर्व्हरकडून, भावफलक दुसऱ्याकडून. पुढचे पान पुन्हा पहिल्याकडून. भावफलकाला लॉगिनची गरज नव्हती, त्यामुळे दुसऱ्या सर्व्हरवरचे सेशन रिकामे आहे हे कधी उघडच झाले नाही. दोन सर्व्हर, दोन रिक्वेस्ट आणि एक वापरकर्ता या जुळणीने चाचणी दर वेळी यशस्वी होत राहिली.

प्रत्यक्षात सर्व्हर तीन होते. पान आणि फलक धरून मोजले तरी सलग तीन पाने तीन वेगळ्या सर्व्हरकडून येत होती, आणि वर सांगितलेल्या पट्टीत दुसरा व पाचवाच लॉट उरला याचे गणितही फलकाच्या रिक्वेस्ट धरून तेच राहते. लोड बॅलन्सरच्या चाचणीत सर्व्हरची संख्या प्रत्यक्षाइतकी ठेवणे जमत नसेल तर निदान दोन-तीन जणांनी एकाच वेळी काम करून पाहावे. एकट्याने केलेली चाचणी आळीपाळीच्या पद्धतीबद्दल फारसे काही सांगत नाही.

पहिला उपाय : पत्त्यावरून सर्व्हर ठरवणे

कारण कळल्यावर कंपनीच्या अभियंत्यांनी सर्वांत सोपा उपाय केला. एनजिनएक्सच्या ‘आयपी हॅश’ पद्धतीत रिक्वेस्ट इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून (आयपी) आली त्यावरून सर्व्हर ठरतो, आणि एका पत्त्यावरची सगळी रिक्वेस्ट एकाच सर्व्हरकडे जाते. सेटिंगमध्ये एका ओळीचा बदल होता. लॉट विभागले जाणे त्या दिवसापुरते जवळजवळ थांबले, आणि तातडीचा उपाय म्हणून मी त्याला दोष देणार नाही.

तथापि या पद्धतीचे गृहीतक असे आहे की पत्ता म्हणजे माणूस. मार्केट यार्डातील दुकानाला ते लागू पडत नाही. वीज गेली किंवा ब्रॉडबँड अडखळले की दिवाणजी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जातात. पत्ता बदलतो, सर्व्हर बदलतो, आणि अर्धी भरलेली पट्टी मागच्या सर्व्हरवर राहते. दुसरीकडे, आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीच्या बाबतीत एनजिनएक्स पत्त्याचे चारपैकी पहिले तीनच भाग हॅशसाठी वापरतो, म्हणून शेजारच्या पत्त्यांवरचे सगळे ग्राहक एकाच सर्व्हरच्या वाट्याला येतात. त्यात मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्या सार्वजनिक पत्त्यांमागे ठेवतात. तीन सर्व्हर घेऊनही सौद्याच्या वेळी एकच तापायचा आणि दोन निवांत राहायचे, याचे कारण हे होते. आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत पूर्ण पत्ता हॅशला वापरला जातो, पण फोन आपला आयपीव्ही६ पत्ता गोपनीयतेसाठी अधूनमधून स्वतःच बदलतात. थोडक्यात, आयपीव्ही४ मध्ये वेगवेगळी माणसे एक ठरत होती आणि आयपीव्ही६ मध्ये एकच माणूस वेगवेगळा ठरत होता.

यावर पत्त्याऐवजी कुकीवर आधारलेले चिकट सेशन हा अधिक चांगला मार्ग आहे. एचएप्रॉक्सीसारखा लोड बॅलन्सर पहिल्या उत्तराबरोबर स्वतःची एक कुकी घालतो, तीत सर्व्हरची खूण असते, आणि पुढे पत्ता कितीही बदलला तरी ब्राउझर त्याच सर्व्हरकडे जातो. हा पर्याय तपासला आणि बाजूला ठेवला. कारण प्रणालीची नवी आवृत्ती चढवताना एकेक सर्व्हर बंद करावा लागतो आणि त्यावरची सगळी सेशन त्याच्याबरोबर जातात. सर्व्हर हळूहळू रिकामा करण्याची सोय एचएप्रॉक्सीत आहे: नवे वापरकर्ते पाठवणे थांबते आणि जुने आपले काम संपवून जातात. परंतु अडत दुकानाचा वापरकर्ता सकाळी लॉगिन करतो तो दुकान बंद होईपर्यंत हटत नाही. सर्व्हर रिकामा व्हायला रात्र उजाडते. आणि सर्व्हर न सांगता बंद पडला तर तेवढीही मुभा मिळत नाही. चिकट सेशन वेग वाढवण्यासाठी जरूर वापरावे, परंतु हिशेब बरोबर राहणे त्यावर अवलंबून ठेवू नये.

सामायिक साठा

सेशन कोणत्याही एका सर्व्हरच्या डिस्कवर नसावे हे एकदा मान्य झाले की ते कुठे असावे एवढाच प्रश्न राहतो. सर्व सर्व्हरना एकच नेटवर्क डिस्क जोडण्याची सूचना आली. फाइल कुलूपबंद करण्याचे नेटवर्कवरचे वर्तन भरवशाचे नसल्याने ती लगेच मागे पडली. माहिती फक्त मेमरीत ठेवणारा मेमकॅश्ड वेगवान आहे, पण तो पुन्हा सुरू झाला की आतले सर्व जाते.

सही केलेले टोकन हा पर्याय तरुण अभियंत्यांना विशेष आवडत होता, आणि त्यावर चर्चाही बरीच झाली. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटी पद्धतीत वापरकर्त्याची माहिती टोकनमध्येच असते, सर्व्हर फक्त सही तपासतो, आणि सामायिक साठ्याची गरजच राहत नाही. कोणत्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट गेली याला महत्त्व उरत नाही, हे खरे. निर्णय फिरला तो दुकानदारांच्या एका जुन्या मागणीमुळे. दिवाणजींनी नोकरी सोडली किंवा त्यांना कामावरून कमी केले तर मालकाला त्यांचा प्रवेश त्याच क्षणी बंद करता आला पाहिजे. सही केलेले टोकन त्याची मुदत संपेपर्यंत वैध असते. ते आधी रद्द करायचे तर रद्द झालेल्या टोकनांची यादी सर्व सर्व्हरना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी लागते, आणि मग टाळलेला सामायिक साठा मागच्या दाराने परत येतो.

उरले दोन पर्याय, मायएसक्यूएलमधील एक तक्ता किंवा रेडिस. एवढ्या वापराला डेटाबेसचा तक्ता पुरला असता असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. त्यासाठी नवे काही शिकावे लागत नाही आणि त्याचा बॅकअप आधीच घेतला जातो. कंपनीने रेडिस निवडला, कारण भाव आणि अहवाल तात्पुरते साठवण्यासाठी तो आधीपासून चालू होता. रेडिस २००९ पासून वापरात आहे, तो माहिती मेमरीत ठेवतो आणि हवे तर डिस्कवरही लिहितो, त्यामुळे निवड चुकीची म्हणता येणार नाही. पण ‘आधीपासून चालू होता’ हे कारण पुढे महागात पडले.

मार्चअखेरचे लॉगआउट

रेडिसवर सेशन नेल्यानंतर काही काळ तक्रार आली नाही. मार्च उजाडला आणि लॉगआउट पुन्हा सुरू झाले, या वेळी कोणत्याही क्रमाशिवाय. आयपी हॅश तोवर काढून टाकला होता, सर्व्हर बदलल्याचा संबंध लॉगमध्ये दिसत नव्हता, आणि साहजिकच संशय पुन्हा इंटरनेटवर गेला.

कारण रेडिसच्या मेमरीत होते. कोणत्याही रेडिसला मेमरीची मर्यादा घालता येते आणि ती भरल्यावर काय करायचे ते सांगता येते. हा रेडिस तात्पुरत्या साठ्यासाठी उभारलेला असल्याने, जागा संपली की अलीकडे न वापरलेली कोणतीही नोंद काढून टाकावी, असे त्याला सांगितलेले होते. अहवालांसाठी ते योग्यच आहे, कारण काढून टाकलेला अहवाल पुन्हा तयार करता येतो. आर्थिक वर्षाच्या शेवटी दुकानदार वर्षभराचे खातेउतारे काढू लागले, ते मोठे अहवाल मेमरीत शिरले आणि त्यांनी सेशनना बाहेर ढकलले. शिवाय रेडिस ही निवड सर्व नोंदी पाहून करत नाही. तो थोड्या नोंदींचा नमुना घेऊन त्यातली सर्वांत जुनी काढतो, आणि नमुन्याचा मूळ आकडा पाच आहे. त्यामुळे नुकतेच काम केलेल्या दिवाणजींचे सेशनही अधूनमधून सापडत असे. रेडिसच्या स्वतःच्या माहितीत काढलेल्या नोंदींचा एक मोजणी आकडा असतो. तो उतारे काढण्याच्या वेळी चढत जातो हे पाहिल्यावर शंका उरली नाही.

सेशनसाठी रेडिसचे वेगळे उदाहरण (इन्स्टन्स), म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा दुसरा रेडिस, सुरू करण्यात आले. एकाच रेडिसमध्ये वेगळा डेटाबेस क्रमांक वापरून भागत नाही, कारण मेमरीची मर्यादा आणि काढून टाकण्याचे धोरण संपूर्ण उदाहरणाला लागू असते. नव्या उदाहरणात काहीही काढू नये असे धोरण ठेवले. जागा भरल्यास ते लिहायला नकार देते आणि स्पष्ट चूक दाखवते. त्यापूर्वीच इशारा मिळावा म्हणून मेमरीवर निगराणी बसवली. डिस्कवरची नोंद दर सेकंदाला लिहिली जाईल अशी सोय केली, म्हणजे यंत्र अचानक बंद पडले तरी साधारण शेवटच्या सेकंदाचेच बदल धोक्यात येतील.

याच काळात दोन लहान गोष्टी निघाल्या. पीएचपीत सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे. फाइलमधील सेशनच्या वेळी सर्व्हरवरच्या उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिममधील साफसफाई दर अर्ध्या तासाने चालत असल्याने प्रत्यक्षात थोडी अधिक मुदत मिळून जाई. रेडिस मात्र २४ मिनिटे म्हणजे २४ मिनिटेच पाळतो, आणि शेजारच्या दुकानात सौद्याला गेलेले दिवाणजी परत येईपर्यंत बाहेर काढले जात. मुदत दुकानाच्या कामाच्या वेळेइतकी वाढवण्यात आली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. पीएचपी फाइलमधले सेशन वापरताना त्याला कुलूप लावते, म्हणून एकाच सेशनच्या दोन रिक्वेस्ट एकामागून एक चालतात. रेडिससाठीच्या पीएचपी विस्तारात हे कुलूप मुळात बंद असते. भावफलक शेवटचा भाव कधी दाखवला याची वेळ सेशनमध्ये लिहीत असे. त्याने सेशन वाचले, तेवढ्यात दुसऱ्या रिक्वेस्टने त्यात लॉट घातला, आणि मग फलकाने आपली जुनी प्रत वर लिहिली तर तो लॉट पुसला जाई. या दोषामुळे खरोखर किती लॉट गेले ते सिद्ध करणे शक्य नव्हते, परंतु चाचणीत ते मुद्दाम घडवून दाखवता आले. कुलूप सुरू केले आणि भावफलकाला सेशन उघडण्यापासूनच मुक्त केले.

पट्टी सेशनमध्ये का होती

इथपर्यंतचे सर्व उपाय सेशन टिकवण्याचे होते. ते टिकल्यावरही एक प्रश्न माझ्या मते सुटलेला नव्हता: शेतकऱ्याच्या पैशाशी थेट संबंध असलेली नोंद सेशनमध्ये असावीच का? सेशन जाणारच. आज सर्व्हरमुळे, उद्या मेमरीमुळे, परवा दिवाणजींनी ब्राउझर बंद केल्यामुळे. पासवर्ड पुन्हा द्यावा लागणे ही गैरसोय आहे. वजन आणि दर पुन्हा आठवून भरावे लागणे हा व्यवहारातला धोका आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी ठेवल्यामुळे लॉगआउटची साधी तक्रार हिशेबाच्या तक्रारीत बदलली.

कुकीच्या उगमाशीही हा प्रश्न जोडलेला आहे. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकीची पद्धत तयार केली तेव्हा नेटस्केप एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी खरेदीची वेबप्रणाली बनवत होती, आणि अर्धवट व्यवहाराची स्थिती आपल्या सर्व्हरवर सांभाळणे एमसीआयला नको होते. अर्धवट व्यवहार कोणी सांभाळायचा, हा वाद म्हणजे तेव्हापासूनचा. खरेदीची टोपली रिकामी झाली तर ग्राहक वैतागून पुन्हा भरतो, त्यामुळे तिथे हलगर्जी चालून जाते. सौद्यातला लॉट मात्र हातावर हात पडताच ठरलेला व्यवहार असतो. संगणकात पट्टी पक्की झालेली नसली तरी बाजारात तो पक्काच असतो. प्रणालीने बाजारातील पक्की गोष्ट कच्ची मानली होती.

म्हणून लॉट भरताक्षणी डेटाबेसमध्ये जाईल असा बदल करण्यात आला. पक्की न झालेली पट्टी ‘कच्ची’ या खुणेसह राहते. ती रद्द केली तर रद्द झाल्याची नोंद राहते, आणि मालकांना ही नोंद पुढे उपयोगाचीच वाटली. इंटरनेट अडखळल्यावर दिवाणजी बटण दोनदा दाबतात आणि लॉट दोनदा जाण्याची शक्यता असते. त्यासाठी प्रत्येक कोऱ्या फॉर्मला ब्राउझरमध्येच एक वेगळा क्रमांक दिला जातो, आणि तो क्रमांक आधी आलेला असेल तर डेटाबेस दुसरी नोंद घेत नाही. कोऱ्या फॉर्मच्या बाजूला भरलेल्या लॉटची संख्या आणि एकूण वजन दाखवण्याची सूचना एका दिवाणजींनी केली. ती स्वीकारली गेली, आणि वेगाला त्याने काही बाधा आली नाही. अनपेक्षित फायदा असा झाला की एकाच शेतकऱ्याची पट्टी आता दोन संगणकांवरून भरता येते.

सेशनमध्ये आता वापरकर्त्याचा क्रमांक, दुकानाचा क्रमांक, लॉगिनची वेळ आणि फॉर्मच्या सुरक्षेचे टोकन एवढेच असते. लॉगिन होताच सेशनचा क्रमांक बदलला जातो, स्ट्रिक्ट मोड सुरू आहे, आणि कुकी फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते व पानावरील स्क्रिप्टला वाचता येत नाही. क्रमांक न बदलण्याची जुनी सवय लॉट विभागण्यास कारण झालीच होती. त्याशिवाय आधीच ठरवलेला क्रमांक दुसऱ्याच्या गळ्यात घालून त्याच्या नावाने आत शिरण्याची वाटही तिने मोकळी ठेवली होती.

सामायिक रेडिस बंद पडला तर सगळेच लॉगआउट होतील, हा आक्षेप योग्य आहे. त्याला दुसरी प्रत जोडली आहे, परंतु बिघाड ओळखून आपोआप बदल करणारी यंत्रणा, जिला किमान तीन निरीक्षक लागतात, ती घेतलेली नाही. बदल माणूस करतो. सौदे नसलेल्या दिवशी रेडिस मुद्दाम बंद करून पाहिला. सर्वांना लॉगिन नाकारले गेले, रेडिस परतल्यावर लॉगिन झाले, आणि कच्च्या पट्ट्या जशाच्या तशा होत्या. लॉट सेशनबाहेर काढल्यामुळेच हा धोका पत्करणे परवडते.

हरवलेल्या लॉटची भरपाई कच्च्या वह्यांवरून झाली. ज्या काळात आळीपाळी चालू होती त्या काळातल्या पट्ट्या दुकानांना दाखवून वहीशी ताळा घ्यायला सांगण्यात आले, आणि जिथे फरक निघाला तिथे दुरुस्त पट्टी देण्यात आली. ज्या दुकानांनी वही बंद करून सर्व काम संगणकावर नेले होते, त्यांना खरेदीदारांकडील नोंदी मागाव्या लागल्या.

त्याच वर्गातले एक काम अद्याप बाकी आहे. वजनकाट्याच्या पावतीचा फोटो जोडण्याची सोय प्रणालीत आहे आणि तो फोटो अजूनही ज्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट गेली त्याच्याच डिस्कवर जातो; म्हणून तीनपैकी दोन वेळा तो उघडत नसे. फोटो सामायिक साठ्यावर नेण्याचे काम हळदीच्या हंगामापूर्वी पूर्ण करायचे ठरले असून, तोपर्यंत फोटोच्या रिक्वेस्ट एका ठरावीक सर्व्हरकडेच वळवल्या आहेत.